काही नाही केलं जी, ताई

आमच्या धंद्यात फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "ताई, कॉम्प्युटर चालूच होऊन नाही राहिला." मी विचारते, बंद पडायच्या आधी काय केलं होतं? मग पलीकडे डॉक्टर असो, वकील असो की किराणा दुकानदार, उत्तर एकाच सुरात येतं. "काही नाही केलं जी, ताई. आपल्या मनानं बंद पडला."

यंत्राला मन असतं आणि लहर आली की ते बंद पडतं, यावर नागपूरकरांचा जेवढा विश्वास आहे तेवढा देवावर तरी असेल की नाही, शंका आहे. सुरुवातीला मला या उत्तराचा फार राग यायचा. आता येत नाही. काही केलं नाही म्हणणाऱ्याच्या हातून काहीतरी झालेलं असतंच, आणि ते काय झालं हे मशीन उघडण्याआधी माणसाच्या तोंडाकडे पाहिलं तर पुष्कळदा कळतं, एवढं मी या कामात शिकले.

माझं दुकान रामदासपेठेत, दवाखान्यांच्या गल्लीत आहे. एका बाजूला रक्त तपासणारी लॅब, दुसऱ्या बाजूला औषधाचं दुकान. सकाळी सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं चुकून माझ्याच बाकावर येऊन बसतात आणि बाही वर करून हात पुढे करतात. मी त्यांना शेजारी पाठवते. माझे खरे गिऱ्हाईकही सुरुवातीला दारात उभे राहून विचारायचे, "भाऊ नाहीत काय दुकानात?" भाऊ नव्हतेच कधी. मीच होते. हळूहळू विचारणारे थकले आणि मी "कॉम्प्युटरवाली ताई" झाले.

ज्यांना या कामाची काही कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाजारात तयार संगणक मिळतो तसा तो सुटे भाग आणून घरीही जोडता येतो. लोखंडी पेटी, तिला आम्ही कॅबिनेट म्हणतो. तिच्यात एक मोठी पाटी, ती मदरबोर्ड. बाकी सगळे तिच्यावर येऊन बसतात. प्रोसेसर म्हणजे विचार करणारा, रॅम म्हणजे बोटभर लांबीची एक पट्टी, हातातलं काम संपेपर्यंतच लक्षात ठेवणारी, आणि वीज पुरवणारा एक डबा. लग्नातल्या पंगतीसारखं आहे हे सगळं. एक जण रुसला की कुणाच्याच ताटात वाढलं जात नाही. पडदा काळा राहतो, पंखे मात्र गरगर फिरतात, आणि घरचे म्हणतात, "फिरून तर राहिला ना, मग काहून चालू नाही होत?"

अशा वेळी आमची रीत साधी असते. सगळ्यांना उठवायचं, दोघा-तिघांनाच बसवायचं आणि मग एकेकाला आत घेत जायचं. ज्याच्या येण्यानं काम अडलं, तो रुसलेला. यातलं माझं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे शाळेच्या पोरांकडे असतो तो खोडरबर. रॅमच्या पट्टीला खालच्या अंगाला सोनेरी दातांची रांग असते. तिच्यावर मळ चढतो. खोडरबरानं दोन्ही बाजू घासल्या आणि पट्टी परत बसवली की निम्मी मशीनं तिथंच जिवंत होतात. पाहणाऱ्याला वाटतं, ही बाई आपली चेष्टा करते आहे.

बिघाडाचं म्हणाल तर प्रत्येक गावाची आपली आपली तऱ्हा असते. आपल्याकडे उन्हाळ्यात घरादाराचा जीव कुलरमध्ये अडकलेला. एका निवृत्त मास्तरांनी पुतण्याकडून जोडून घेतलेला संगणक मे महिन्यात बंद पडला. उघडून पाहिलं तर आत दहिवरासारखं पाणी, सोनेरी दातांवर हिरवट बुरशीगत थर, आणि सगळ्याला वाळ्याचा सुरेख वास. मास्तरांनी काही केलं नव्हतं. फक्त मशीन तापतं म्हणून ते कुलरच्या तोंडासमोर ठेवलं होतं आणि स्वतः पंख्याखाली घामाघूम झोपले होते. ते मशीन वाळायला ठेवलं होतं तोवर माझ्या दुकानाला वाळ्याचा वास येत होता. शेजारच्या लॅबमधले लोकसुद्धा कौतुकानं डोकावून जायचे.

जरीपटक्यातल्या एका कापडवाल्या शेठजींचा संगणक रोज दुपारी बंद पडायचा. त्यांनी त्याला चारही बाजूंनी बंद असं मखमली झबलं शिवलं होतं, वर नाडीसुद्धा. "धूल नहीं जानी चाहिए ना, दीदी," असं त्यांचं म्हणणं. धूळ जात नव्हती हे खरंच, पण हवाही जात नव्हती. झबलं काढा म्हटलं तर त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या वेळी गेले तेव्हा झबलं होतंच, पण हवेच्या जागी गोल भोकं कापून त्यांना कडेनं लेस लावली होती. त्यानंतर मशीनही ठीक चाललं आणि शेठजीही.

तर सांगायचं म्हणजे, दुर्लक्षानं बिघडलेली मशीनं मी कमी पाहिली. लाडानं आजारी पडलेली जास्त. त्यातलं मनोहरकाकांचं मशीन माझ्या मनातून जात नाही.

मागच्या वर्षी दसरा होऊन थोडे दिवस झाले होते. काकांचा फोन आला. त्यांनी स्वतःच्या हातानं घरी संगणक जोडला होता आणि तो सुरू होत नव्हता. आधी काय केलं होतं, हा माझा ठरलेला प्रश्न. "काही नाही केलं जी, ताई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. फक्त ते इतक्या हळू म्हणाले, की मी दुपारची बाकीची कामं ढकलून त्यांच्याकडे गेले.

मनोहरकाका सत्तरीच्या आसपासचे. सगळी नोकरी सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली. संगणक यायच्या आधीचे नकाशे, शाईनं काढायचे, अक्षरंसुद्धा हातानंच. त्यांची मुलगी ऋतुजा मिहानमधल्या आयटी कंपनीतली नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करत होती, घरांच्या आतल्या सजावटीची चित्रं संगणकावर तयार करून द्यायचं. त्याला दणकट मशीन लागतं. काका म्हणाले होते, तुझं मशीन मी जोडून देतो. हे म्हणायला एक कारण होतं. दोनेक वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे. तेव्हापासून घरातलं एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतलं गेलं. कडी बसवायची, बटण बदलायचं, काहीही असलं की ऋतुजा मायेनं म्हणायची, राहू द्या बाबा. चारचौघांत चहासुद्धा ते अर्धा कपच घ्यायचे, हिंदकळू नये म्हणून.

टेबलावर मशीन उघडं होतं. मी आजवर पुष्कळ घरगुती जोडण्या पाहिल्या आहेत. आत वायरींच्या शेवया असतात. इथं एकेक वायर पट्टी लावून वळवल्यासारखी काटकोनात वळली होती. शेजारी वाळू भरलेली एक छोटी कापडी पिशवी होती. नकाशे काढताना मनगटाखाली घ्यायचे तशी ती घेऊन, हात टेकवून, काकांनी एकेक स्क्रू बसवला होता. मी म्हटलं, "काका, असं काम तर आमच्या बाजारातसुद्धा होत नाही." ते हसले नाहीत.

ऋतुजा मला दारापाशीच भेटली होती. गोड मुलगी. हळूच म्हणाली, "ताई, नाही झालं तरी टेन्शन नका घेऊ. कामं सुरू होऊन राहिली, मी संध्याकाळी जाऊन तयार मशीनच आणते. फक्त बाबांना वाईट नको वाटायले." तिचं काही चुकत नव्हतं. पण तयार मशीन घरात आलं असतं, तर त्यानंतर काकांनी घरातल्या कुठल्याच वस्तूला हात लावला नसता, हे मला टेबलाकडे पाहूनच समजलं.

मी बोलत बोलत माहिती काढली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीन छान सुरू झालं होतं. तेव्हा रॅमची नवी जोडी आली नव्हती, म्हणून काकांनी ओळखीच्या एकाकडून एक जुनी पट्टी उसनी आणून लावली होती. दसऱ्याला मशीनची पूजा झाली. काकांनी बजावलं होतं, कुंकवाचं एक बोट बाहेरून लावायचं, एक फूल वर ठेवायचं, आत हात घालायचा नाही. दीक्षाभूमीकडे येणाऱ्या माणसांच्या रिघेनं रस्ते भरलेले, त्यामुळे कुरियरवाला दसरा उलटल्यावर उगवला. काकांनी उसनी पट्टी काढून परत केली आणि नवी जोडी दोन स्लॉटमध्ये बसवली. स्लॉट म्हणजे पट्टी उभी बसते ती खाच. तेव्हापासून पडदा काळा.

"म्हणजे काहीतरी केलं होतं की, काका," मी म्हटलं. ते स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले.

मी दोन्ही पट्ट्या काढल्या आणि एकच बसवली. बटण दाबलं. पडदा उजळला. काका खुर्चीतून अर्धे उठले. नवी पट्टी एकटी लावून पाहावी हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं, कारण नव्या जोडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की या पट्ट्या जोडीनंच बसवाव्यात, आणि छापलेली सूचना मोडायची नाही ही नकाशेवाल्याची शिस्त. मी ती पट्टी काढून दुसरी त्याच स्लॉटमध्ये घातली. तीही चालली. म्हणजे दोन्ही पट्ट्या चांगल्या. मग एक पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवायला गेले. पट्टी पूर्ण बसली की खटका टक् असा वाजतो. तो वाजेना. पडदा पुन्हा काळा.

काका परत खाली बसले. "तो स्लॉट मीच मोडला, ताई. पट्टी दाबता दाबता हात हलला होता. पोरीले नाही सांगितलं. हा हात आता कामाचा नाही राहिला."

मी मान खाली घालून स्लॉटमध्ये टॉर्च मारला. काळ्या खाचेच्या तळाशी, अगदी टोकाला, काहीतरी गडद लाल अडकलं होतं. पहिल्यांदा वाटलं प्लास्टिकचा तुकडा असेल. चिमट्यानं अलगद काढून तळहातावर घेतलं. तांदळाचा दाणा होता. कुंकवात भिजून वाळलेला, भंडाऱ्याकडचा बारीक चिन्नोर, पट्टीच्या दाबानं अर्धा तुटलेला. अक्षता म्हणजे न तुटलेला तांदूळ असं लहानपणी पाठ केलं होतं. ही अक्षता मात्र तुटली होती.

मी वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात सुमनकाकू उभ्या होत्या. काकांची बायको. मी आल्यापासून त्या बाहेर आल्या नव्हत्या. माझ्या हाताकडे त्यांचं लक्ष होतं आणि चेहरा पार उतरला होता. "जरा आत ये वं," त्या म्हणाल्या. मी मूठ मिटून आत गेले. माझ्या जागी पुरुष असता तर हे बोलावणं त्याला आलं नसतं. बायकांनी हे काम केल्याचा एवढा फायदा आहे.

ओट्यावर सांबारवडीची तयारी होती, कोथिंबीर निवडून ठेवलेली. काकूंनी एक काडी उचलली, परत ठेवली.

"मीच केलं," त्या म्हणाल्या.

माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

"हे म्हणत होते ना, याले मदरबोर्ड म्हणतात. सगळे हिच्या भरोशावर बसतात. म्हटलं, आई आहे. पोरीचं नवं काम आईच्या अंगावर सुरू व्हायचं, अन् आईची ओटी नाही भरायची? दसऱ्याच्या दिवशी हे सोनं वाटायले गेले, तेव्हा पेटी उघडीच होती. खण ठेवला, सुपारी ठेवली, कुंकवाचे तांदूळ घातले. मग भीती वाटली म्हणून सगळं उचलून घेतलं वं. एकेक दाणा वेचला. मले वाटलं, सगळे वेचले."

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. मदरबोर्ड हा शब्द मी रोज पन्नास वेळा उच्चारते. त्यात आई आहे हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं.

"मग काकांना काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगू कशी? आत हात घालू नको म्हणून बजावलं होतं. माझ्या पूजेच्या पायी त्यांनी इतक्या मेहनतीनं जोडलेलं मशीन गेलं म्हटल्यावर काय तोंड दाखवू? ते तर जेवतही नाही धड. मशीनचं दुःख करून राहिले."

तेव्हा मी मूठ उघडून तो अर्धा दाणा दाखवला आणि सांगितलं, की काकू, ते मशीनचं दुःख करत नाहीत. त्यांना वाटतंय त्यांच्या हातानं स्लॉट मोडला. हात कामाचा राहिला नाही असं ते आत्ता मला म्हणाले.

काकूंना हे माहीत नव्हतं. इतके दिवस त्या आपल्या चुकीला कवटाळून स्वयंपाकघरात आणि ते आपल्या हाताला घेऊन बाहेर, असे दोघं एकाच घरात बसले होते. त्यांनी पदराला हात पुसले, माझ्या तळहातावरून तो दाणा उचलला आणि तरातरा बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. ऋतुजाही खोलीतून बाहेर आली होती.

काकूंनी दाणा टेबलावर, काकांच्या समोर ठेवला. "हा आत होता. मीनं घातला होता. तुमच्या मदरबोर्डची मी ओटी भरली होती, दसऱ्याले. तुमचा हात नाही हलला जी. पट्टी या दाण्यावर अडली."

काकांनी चष्मा लावला. दाणा बोटाच्या टोकावर घेऊन पुष्कळ वेळ पाहिला. मला वाटलं आता ओरडतील. ऋतुजालाही वाटलं असावं, कारण ती आईच्या जवळ सरकली.

"म्हणजे माझा हात नव्हता," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, खात्री करून घ्यावी तसं, "ताई, हात नव्हता ना?"

"नव्हता, काका. स्लॉट शाबूत आहे. तुमच्या हाताच्या जागी माझा हात असता तरी पट्टी बसली नसती."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्नही केला नाही. काकूंकडे वळून म्हणाले, "खणही घातला होता काय वं?" काकू म्हणाल्या, "घातला होता. काढून घेतला." "मग नारळ काहून नाही ठेवला?" असं त्यांनी विचारलं आणि मग चौघंही हसत सुटलो.

उरलेला अर्धा दाणा स्लॉटमध्येच होता. तो काढायला मी चिमटा पुढे केला आणि मग विचार बदलून चिमटा काकांच्या हातात दिला. माझं काम मला दुसऱ्यानं केलेलं खपत नाही, नवशिक्यांना तर मी मशीनपासून हातभर लांब उभं करते. पण त्या दिवशी मी दोन्ही हात मागे बांधले. काकांनी वाळूची पिशवी ओढली, मनगट टेकवलं. चिमटा थरथरला, बाजूला गेला, परत आला. दाणा निघाला. मग त्यांनी ड्रॉवरमधून आपला नकाशांच्या काळातला खोडरबर काढला. झिजून बोटाच्या पेराएवढा राहिलेला, पण असा मऊ आणि स्वच्छ, की मला हेवा वाटला. त्यानं त्यांनी पट्टीचे सोनेरी दात दोन्ही बाजूंनी घासले, सावकाश, एकाच दिशेनं. ऋतुजा पुढे झाली होती. तोंडावर आलेलं "राहू द्या" तिनं गिळलेलं मी पाहिलं.

काकांनी पट्टी खाचेवर धरली आणि दाबली. टक्. घरात सगळ्यांना ऐकू आलं.

पडदा उजळला, दोन्ही पट्ट्या त्यानं मोजून दाखवल्या. ऋतुजा त्या संध्याकाळी तयार मशीन आणायला गेली नाही. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा काका म्हणाले, "पूर्ण भर." तो बशीत सांडला. काकूंनी बशी त्यांच्या हातातून न घेता फक्त आपला पदर थोडा मागे घेतला आणि सांबारवडी खाऊन जायचा मला आग्रह केला. मी खाऊन गेले.

यंदा दसऱ्याला सोनं द्यायला त्यांच्याकडे गेले होते. ऋतुजाचं काम जोरात आहे, तेच मशीन रात्रंदिवस राबतं. टेबलापाशी वाकून पाहिलं तर कॅबिनेटच्या वर, हवेच्या जाळीपासून चांगलं लांब, काकांनी एक पितळी ताटली चिकटवली होती. तिच्यात खण, सुपारी, हळकुंड आणि कुंकवाचे तांदूळ. ताटलीच्या खाली पांढऱ्या कागदाची पट्टी, तिला पेन्सिलीची दुहेरी चौकट, आणि आत नकाशावर लिहितात तशा उभ्या अक्षरांत पेन्सिलीनंच लिहिलं होतं, "ओटी येथे भरावी."

अक्षरं सुंदर होती. काना आणि वेलांटीच्या रेघा मात्र थरथरलेल्या होत्या, चौकटीची एक बाजूही थोडी नागमोडी गेली होती. काकांकडचा खोडरबर किती चांगला आहे हे मला माहीत आहे. त्यांनी तो वापरला नव्हता.